पूर्वेकडची जोडी

वाळलेले मासे उतरवायच्या दिवशी भांडायचं नाही, असा त्या घरचा दंडक होता. एरवी वर्षभर त्यांचं एकमेकांशी फार गोडीगुलाबीचं होतं अशातला भाग नाही. पण जूनमधल्या त्या एका दिवशी तोराल्फ, त्याची बायको गुड्रुन, धाकटा भाऊ ओदवार आणि विधवा बहीण योरुन असे सगळे सकाळीच समुद्राकाठच्या लाकडी मांडवाखाली जमत, हातमोजे चढवत आणि मुकाट कामाला लागत. हिवाळा सरता सरता टांगलेला कॉड मासा तोवर लाकडासारखा खणखणीत झालेला असे. शेपटीला शेपटी बांधून जोडी करायची आणि ती आडव्या वाशावर टाकायची, एक मासा इकडे, एक तिकडे, ही तिथली रीत. उतरवताना वरच्याने जोडी काढून द्यायची, खालच्याने झेलायची. कामच असं, की तोंड उघडायला फुरसत मिळू नये. दंडक पाळला जाई तो त्यामुळे, प्रेमापोटी नव्हे.

यंदा वर इवार चढला होता. तोराल्फ आणि गुड्रुनचा हा एकुलता एक मुलगा. समुद्राचं त्याला वेड नव्हतं, वेड होतं ते तारांचं आणि यंत्रांचं. गावातला कुठलाही बिघडलेला रेडिओ त्याच्याकडे यायचा आणि बोलायला लागून परत जायचा. स्कार्व्हनेसच्या टेकडीवर नाटोचं रडार केंद्र उभं राहिलं तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला होता, तिथली नोकरी. परीक्षेत तो पहिला आला होता. उरली होती ती फक्त पोलिसांची चौकशी. काल तो त्यासाठीच शहरात गेला होता, आणि परत आला तो न जेवता झोपला. आईने विचारलं तर म्हणाला, "उद्या सांगतो."

गुड्रुन खालून जोड्या झेलत होती, पण तिची नजर माशांवर कमी आणि पोराच्या तोंडावर जास्त होती. शीळ वाजवल्याशिवाय ज्याला काम सुचत नसे, तो आज गप्प होता.

दुपारपर्यंत मांडव रिकामा झाला. राहिली ती पूर्वेच्या टोकाची एक जोडी, बाकीच्यांपासून हातभर अंतर सोडून टांगलेली. ही तोराल्फ दरवर्षी स्वतः बांधायचा, स्वतः उतरवायचा आणि एकटाच होडी वल्हवत जाऊन समुद्राला द्यायचा. गाव समजे की ती पेडरची. पेडर म्हणजे तोराल्फचा मधला भाऊ, लढाईत मेलेला. तोराल्फने त्यावर कधी हो म्हटलं नाही, की नाही म्हटलं नाही.

इवारने त्या जोडीला हात घातला.

"अरे, ती राहू दे," योरुन खालून म्हणाली. "विसरलास का?"

"विसरलो नाही, आत्या." इवारचा आवाज शांत होता. "बाबा, काढू का ही? की आधी क्लाव्दियाला विचारायला हवं?"

गुड्रुनच्या हातातली जोडी सुटून खाली दगडांवर पडली. ओदवारने ती उचलून थप्पीवर ठेवली आणि कुणाकडेही न बघता हातमोजे झटकले.

तोराल्फने हातमोजे काढून वर मुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली ये. जेवून घेऊ."

*

जेवण अंगणातच मांडलं होतं. ताजा उकडलेला मासा, बटाटे, वितळवलेलं लोणी. ऊन होतं, पण वारा असा की प्रत्येकाने अंगात लोकर चढवलेली. टेबलावरून मान वळवली की टेकडीवरचा रडारचा पांढरा घुमट दिसे, आणि त्या घरात ज्याने त्याने तिकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती. इवार तेवढा नेहमी समोर तोंड करून बसायचा. आज त्यानेही पाठ केली.

"मिळाली नाही," तो म्हणाला. "नोकरी. आणि यापुढे कुठेच मिळणार नाही, असं दिसतंय. जिथे सरकारी कुलूप असेल तिथे मला दार बंद."

"कारण काय दिलं?" योरुनने विचारलं.

"कारण देत नाहीत, आत्या. प्रश्न विचारतात. एक रिंगस्ताद म्हणून होता, ओस्लोचा. फार गोड बोलतो. म्हणाला, तुमचे वडील लढाईत रशियनांसाठी काम करत होते ना? मी म्हटलं, होय, आणि जर्मनांच्या विरुद्ध करत होते. म्हणाला, ते आम्ही जाणतो, आम्हाला अभिमान आहे."

ओदवार नाकातून हसला. "अभिमान म्हणे."

"मग म्हणाला, मांडवावरची ती शेवटची जोडी कुणासाठी असते? मी म्हटलं, काकासाठी, पेडरकाकासाठी. तर हसून मान हलवली. म्हणाला, तुम्हाला घरात सांगितलं नाही वाटतं. क्लाव्दिया कोण? वडिलांचं पलीकडे मूल आहे का? तुमची एखादी सावत्र बहीण रशियात मुर्मान्स्कला रडार सांभाळत बसली असेल आणि तुम्ही इथे, हे कसं दिसेल?" इवारने काटा खाली ठेवला. "मी काय उत्तर देणार? बापाच्या बाईचं नाव मला पोलिसाकडून कळतंय."

गुड्रुन बटाटे वाढत होती. ज्याच्या ताटात होते त्यालाही तिने आणखी वाढले.

ते नाव तिने दिलं होतं.

ईस्टरच्या सुमाराला, तोराल्फ समुद्रावर असताना तो रिंगस्ताद घरी आला होता. दारात आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. त्याने वॅफल खाल्लं, तारीफ केली, इवारच्या हुशारीचं कौतुक केलं. म्हणाला, पोराचं सगळं उत्तम आहे, अडचण एकच, वडील. तोराल्फ अजून पूर्वेकडे ओढ ठेवून आहे असं वर काहींना वाटतं. तुम्ही मन मोकळं केलंत तर ही शंका निघून जाईल. आणि तिने मन मोकळं केलं. लढाईतलं पदक त्याने कुठे पुरून ठेवलंय ते सांगितलं. रशियन मच्छीमारांशी भर समुद्रात दोरखंड आणि दारूची अदलाबदल होते, ते सांगितलं. शेवटी, ओढ आहे तर कसली आहे हे तरी कळू दे, म्हणून क्लाव्दियाचं नाव सांगितलं. गुहेतली रेडिओवाली, गोळी लागून मेली. तो एका मेलेल्या बाईसाठी मासे टांगतो साहेब, ही हेरगिरी नव्हे, हे प्रेम आहे. असं तिने म्हटलं होतं. म्हणताना पोराचं भलं डोळ्यांसमोर होतं हे खरं. पण दहा वर्षं घशात अडकलेला काटा बाहेर पडल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं. आणि रिंगस्तादने त्या मेलेल्या बाईला एक मूल देऊन टाकलं होतं.

"हे पोलिसाला कळलं कसं?" योरुनने टेबलावर बोट आपटलं. "जोडीची गोष्ट गावाला माहीत आहे. पण ती पेडरची नाही, हे फक्त घरात माहीत आहे. घरातलंच कुणीतरी बोललंय."

"घरातलं म्हणजे आपण चार डोकी," ओदवार म्हणाला.

"मग चारांतलं एक. टेकडीवर रोज कोण जातं? रॉकेल, बटाटे, टपाल घेऊन? आणि नवी व्हॅन कुणाच्या दारात आहे?"

"व्हॅन त्यांच्या मालाच्या भाड्यातून घेतली मी, योरुन. तुझी पडवी दुरुस्त केली तीही त्याच भाड्यातून. तेव्हा नाही वास आला टेकडीचा?"

"मी वास आला असं म्हटलं नाही. विचारते आहे."

"तू विचारत नाहीस, ढकलतेस."

"पुरे," तोराल्फ म्हणाला.

तो जात्याच कमी बोलणारा. हा समुद्रकाठ जर्मनांच्या ताब्यात होता तेव्हा तो, पेडर आणि शेजारचा एक जण कड्यातल्या गुहेत रेडिओ घेऊन राहिले होते. खालून जाणारं प्रत्येक जहाज मोजायचं आणि मुर्मान्स्कला कळवायचं. तेव्हा रशियन हे मित्र होते, देवाने धाडलेले. जर्मन जाता जाता गावं जाळत गेले; गुड्रुनने तान्ह्या इवारला उलट्या केलेल्या होडीखाली तो हिवाळा जगवला. मग शांतता झाली, तोराल्फला पदक मिळालं, लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि चार वर्षं होतात न होतात तोच देश नाटोत गेला आणि मित्राचा शत्रू झाला. सरकारला काय, एका सहीनिशी तोंड फिरवता येतं. तोराल्फच्या अंगावर मात्र ती लढाई तशीच राहिली. तेव्हापासून पाळत सुरू झाली. टपाल उघडून येई, होडी तपासली जाई, आणि दुकानात तो शिरला की बोलणी थांबत.

"मी कुणाचा हेर नाही," तो आता म्हणाला. "होतो तेव्हा सगळ्यांना हवा होतो. ते असो. हे नाव आयुष्यात मी एकाच माणसाला सांगितलं आहे."

गुड्रुनने पातेलं खाली ठेवलं आणि डोळे मिटले. संपलं, असं तिला वाटलं. आता तो माझं नाव घेईल, आणि माझा मुलगा माझ्याकडे बघेल.

"ओदवार," तोराल्फ म्हणाला, "ऊठ."

तिने डोळे उघडले. ओदवार हातात पाव धरून तसाच बसला होता.

"मला?"

"तुला."

"तोराल्फ, तू मला सांगितलं होतंस की ती जोडी येरमाकोव्हची. त्या कॅप्टनची, ज्याने तुला बर्फातून ओढून काढलं. आपण जाळी ओढत होतो आणि तू..."

"येरमाकोव्ह?" योरुन मध्येच म्हणाली. "मला तर..."

"योरुन, तू गप्प बस." तोराल्फचा आवाज चढला नाही. "आणि तू खोटं बोलू नकोस. मी तुला क्लाव्दिया सांगितलं. तू वर जाऊन बोललास."

गुड्रुनच्या मनात आधी आलं ते इतकंच, की याला आठवत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या त्या नाताळला प्यायलेला होता, मला सांगितल्याचं विसरून गेला. असं सुटल्यासारखं वाटलं तिला, की ती बाकावर बसली. त्या सुटकेची तिला शिसारीही आली, पण ती उठली नाही. तोंड उघडलं नाही.

ओदवारने भावाकडे पाहिलं. मग योरुनकडे, जी एकाएकी आपल्या ताटाकडे बघायला लागली होती. मग त्याची नजर फिरत फिरत गुड्रुनपाशी आली आणि तिथे थांबली. तसा तो माणूस मंद, विनोदावर सगळ्यांच्या मागून हसणारा. बायको नाही, पोरं नाहीत. होडीघराच्या माळ्यावर निजायचं आणि दोन वेळा या टेबलावर जेवायचं, हाच त्याचा संसार. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला, आणि त्याजागी जे आलं ते गुड्रुनला बघवेना.

"बरं," तो म्हणाला. "बोललो मी."

"काका?" इवार उठून उभा राहिला. "का पण? मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"काही नाही रे."

"मग का?"

"थंडी होती. त्यांनी वर कॉफी पाजली." ओदवारने टोपी उचलली. "माणूस कॉफीवर बोलून जातो."

इवार त्याच्या अंगावर जाणार तेवढ्यात तोराल्फने त्याचा दंड धरला. "जाऊ दे त्याला."

"तो या घरात परत दिसला तर मी दिसणार नाही, बाबा. आत्ताच सांगून ठेवतो."

"ऐकलं त्याने."

ओदवार फाटकापाशी जाऊन थांबला. रोज संध्याकाळी त्याला टेकडीवरून यायला उशीर व्हायचा, आणि गुड्रुन त्याचं ताट झाकून चुलीजवळ ठेवायची. सासू गेल्यापासूनचा हा रिवाज होता.

"वहिनी," तो म्हणाला, "आता ताट झाकून ठेवत जाऊ नकोस."

मग तो निघाला, रस्त्याने नाही, खालच्या दगडांवरून, म्हणजे कुणाच्या दारावरून जावं लागू नये. योरुननेही शाल आवरली. गुड्रुनने सवयीने किटली पुढे केली.

"नको," योरुन म्हणाली. "तुझ्या हातची कॉफी आज नको." आणि एवढं बोलून तीही गेली.

*

तोराल्फ मांडवावर चढला होता. वय झालं तरी वर चढताना कुणाचा हात घेत नसे. गुड्रुन खाली येऊन उभी राहिली. यायचं नव्हतं तिला. पण तो काय बोलतो ते ऐकल्याशिवाय घरात थांबवेना.

"धर," तो म्हणाला आणि जोडी खाली सोडली.

तिने झेलली. इतक्या वर्षांत त्या जोडीला तिने कधी हात लावला नव्हता.

"ओदवारला तू ते नाव कधी सांगितलंस?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

वारा होता, म्हणून तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही. तो खाली उतरला, दगडावर बसला आणि हातमोजे काढायला लागला.

"ओदवारला येरमाकोव्ह सांगितला. योरुनला ल्योश्का म्हणून एक पोरगेलासा शिपाई. तुला क्लाव्दिया. तिघांना तीन नावं. प्रशिक्षणात शिकवलं होतं आम्हाला. प्रत्येकाला वेगळं सांगायचं, म्हणजे फुटलं तर कुठून फुटलं ते कळतं."

"घरात?"

"घरातच करायला सांगतात."

त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "टपाल उघडलं जातंय असं पहिल्यांदा कळलं त्या वर्षी केलं. वेड्यासारखं वाटत होतं. ओदवार बडबड्या, योरुन बडबडी, त्यांचं नाव कधीतरी बाहेर येईल असं धरून चाललो होतो. तुला म्हणून बाईचं दिलं. लाजेपायी तू ते कुणापाशी उच्चारणार नाहीस. तिघांत तुझ्या एकटीबद्दल मला खात्री होती."

"मी बायको आहे तुझी, तोराल्फ."

"तेच तर सांगतोय."

"मी इवारसाठी केलं."

"ते माहीत आहे मला."

"तो म्हणाला होता की शंका निघून जाईल. मी फक्त म्हटलं की हे प्रेम आहे, दुसरं काही नाही. तुझीच बाजू मांडली मी."

"तेही कळलं मला." तो हातमोज्यांकडे बघत होता. "रिंगस्तादला काय, बाजू कुठलीही चालते."

"मग ओदवारचा बळी का दिलास?"

"पोराची नोकरी गेली. आईही घालवायची होती का त्याची?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते ओदवारला."

"त्याला कळलंय, गुड्रुन. कळल्यावरच तो हो म्हणाला."

हे तिला माहीत होतं. त्याने बघितलं होतं तेव्हाच माहीत झालं होतं. तरीपण कुणीतरी असं तोंडावर म्हणेपर्यंत तिला ते माहीत नसल्यासारखं धरून चालता येत होतं. ती जोडी छातीशी धरून उभी राहिली. माशांचा कडक वास नाकात जात होता.

"आणि ती?" शेवटी तिने विचारलं. "तीही तिथेच पुरली का, पेडरजवळ?"

"कोण?"

"क्लाव्दिया."

तोराल्फने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "अशी कुणी नव्हतीच. गुहेत बाई कुठून येणार? आम्ही तिघे होतो आणि अंगावर उवा होत्या."

दहा वर्षं तिने त्या बाईला शिव्या घातल्या होत्या. तिच्या केसांचा रंगही तिने ठरवून टाकला होता, पिंगट, लांब. तोराल्फ झोपेत कूस बदलून पूर्वेकडे वळला तरी तिचं पित्त खवळायचं. कितीदा त्याने हात पुढे केला आणि हिने पाठ फिरवली, ती त्या बाईमुळे. आणि हा शेजारी पडून सगळं बघत होता. एका शब्दाने थांबवू शकला असता, पण शब्द बाहेर पडतो का, याची वाट बघत राहिला.

"तू त्या रिंगस्तादपेक्षा वाईट आहेस," ती म्हणाली. "त्याने निदान समोर बसून विचारलं."

त्याने हातमोजे खिशात कोंबले. 

"मग ही जोडी कुणाची?"

"पेडरची. गाव म्हणतं तीच. गावाचं बरोबर होतं." त्याने तिच्या हातातून जोडी घेतली. "आईचे आम्ही तीन मुलगे. एक लढाईत गेला. एक आज गेला."

होडी पाण्यात ढकलून तो बसला आणि वल्ही मारू लागला. गुड्रुन थोडा वेळ बघत राहिली. मग परत फिरली, कारण अंगणात टेबल तसंच पडलं होतं आणि समुद्रपक्षी उतरायला लागले होते.

इवार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आत त्याची पिशवी भरून ठेवलेली होती. "मी सोमवारच्या बोटीने दक्षिणेला जातो, आई. मालवाहू जहाजांवर कुणी चौकशी करत नाही म्हणतात." मग तो जवळ आला आणि लहानपणी करायचा तसं त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "या घरात एक तूच आहेस जिच्यावर माझा विश्वास आहे."

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सांगण्याची हीच वेळ होती, आणि ती तिने जाऊ दिली.

ती भांडी गोळा करू लागली. ओदवारचं ताट अर्धं भरलेलं होतं. मासा त्याने नेहमीप्रमाणे शेवटी खायला म्हणून कडेला काढून ठेवला होता. तिचा हात सवयीने झाकणाकडे गेला.

"फेकून दे ते," इवार म्हणाला.

तिने फेकलं.